खंडेनवमीचा सुरा

आमच्या राजापेठच्या घरात खंडेनवमीला शस्त्रपूजा होते असे सांगितले, तर वाचकांच्या डोळ्यांपुढे ढाल-तलवारी उभ्या राहतील. म्हणून आधीच खुलासा करतो. पाटावर असते ते असे : एक विळी, एक अडकित्ता, वडिलांच्या वेळचा टाइपरायटर आणि माझी लाल पेन्सिल. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, तेव्हा माझे शस्त्र तेच. सौभाग्यवतींचे शिवणयंत्र जड असल्यामुळे जागेवर बसूनच पूजा स्वीकारते. अलीकडे सूनबाईंचा लॅपटॉपही येऊन बसू लागला आहे. त्याला हळदकुंकू लावायचे की नुसते दाखवायचे, यावर दरवर्षी थोडा वाद होतो.

ह्या सगळ्या निरुपद्रवी मंडळींत खरे शस्त्र एकच. मोठेबाबांचा जर्मन सुरा.

मोठेबाबा म्हणजे माझे थोरले काका. आमच्या वऱ्हाडात काका-काकू म्हणण्यापेक्षा मोठेबाबा आणि मोठी आई म्हणण्याची रीत आहे आणि ती मला जास्त बरोबर वाटते. मोठेबाबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. परत आले ते १९४६ साली, एका पत्र्याच्या ट्रंकेसह. त्या ट्रंकेत एक लोकरी कांबळे, दोन पदके, पलटणीचे एक लहानसे पुस्तक आणि हा सुरा होता. साडेचार इंचांचे एकधारी पाते, हरणाच्या शिंगाची खडबडीत मूठ, मुठीच्या तोंडाशी धातूचे कडे आणि काळ्या चामड्याचे म्यान.

लहानपणी तो सुरा मला वर्षातून एकदा, खंडेनवमीला, दिसायचा. तो हाताळण्याचा मान एकट्या मोठेबाबांचा. ते ट्रंक उघडत, सुरा म्यानातून काढत, मशीनचे तेल लावलेल्या फडक्याने पाते पुसत आणि पाटाच्या अगदी कडेला, इतर वस्तूंपासून वेगळा ठेवत. मोठी आई हळदकुंकू घेऊन आली, की ते म्हणत, "त्याले नको. फूल ठेव फक्त." हळदकुंकवाने पाते गंजेल म्हणून असेल, असे आम्ही समजत होतो. आणखी एक गोष्ट. त्या सुऱ्याने त्यांनी कधी साधे लिंबूही कापले नाही. एकदा मोठ्या आईने त्याने नारळाची शेंडी काढली, तर मोठेबाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

आता मला माझा अपराध सांगितला पाहिजे. ही सगळी हकिकत त्यासाठीच आहे.

१९६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात चीनने आक्रमण केले. मी तेव्हा पाचवीत होतो. त्या वर्षीच्या दिवाळीत फटाक्यांपेक्षा रेडिओचाच आवाज जास्त होता. बायाबापड्या अंगावरचे सोने संरक्षण निधीला काढून देत होत्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या आळीतले लोक असे आनंदले, की जणू आमच्याच घरचे कोणी चालले आहे. शाळेत गुरुजी रोज एका शूराची गोष्ट सांगत. एके दिवशी त्यांनी यशवंत घाडगे ह्यांची गोष्ट सांगितली. माणगाव तालुक्यातला हा जवान. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटा चालून गेला, गोळ्या संपल्यावर बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने लढला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इटली म्हटल्यावर माझे कान टवकारले. गुरुजींनी विचारले, "तुमच्यापैकी कोणाच्या घरी कोणी लढाईवर होते का?" मी उभा राहिलो. "आमचे मोठेबाबा इटलीत होते," इतके म्हणून बसलो असतो तर काही बिघडले नसते. पण सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी सांगितले, की मोठेबाबांच्या गोळ्या संपल्या, एक धिप्पाड जर्मन सुरा घेऊन अंगावर आला, मोठेबाबांनी त्याचा हात पिरगाळला आणि त्याच्याच सुऱ्याने त्याला लोळवला. तो सुरा आमच्या घरी आहे, दर खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा करतो!

शेवटचे वाक्य खरे होते. त्याच्या आधाराने बाकीचेही खरे ठरले. खोटे उभे राहायचे, तर त्याला एखादा खरा टेकू लागतोच.

गुरुजी इतके हेलावले, की त्यांनी पुढच्या शनिवारी मोठेबाबांना शाळेत भाषणाला बोलावले. मोठेबाबा त्या वेळी एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होते. लग्नातला काळा कोट घालून ते आले. गुरुजींनी माझीच गोष्ट त्यांच्या तोंडावर सांगून त्यांची ओळख करून दिली. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. मोठेबाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग टेबलाची कड धरून ते बोलायला लागले.

ते बोलले दहा मिनिटे. आणि कशावर? जखम कशी धुवावी ह्यावर! पाणी आधी उकळून घ्यावे, पट्टी स्वच्छ असावी, हाड मोडले असेल तर माणसाला उगीच हलवू नये, पोटात जखम असेल तर पाणी देऊ नये. "आणि जखमी माणूस काय मागतो," ते शेवटी म्हणाले, "हे नीट ऐकावं. आपल्याले समजलं असं समजू नये." एवढे बोलून ते खाली बसले. पोरांनी कशाबशा टाळ्या वाजवल्या. मधल्या सुटीत मला सगळ्यांनी चिडवले, "तुह्ये मोठेबाबा तर मलमपट्टीवाले निघाले!"

मला त्या दिवशी मोठेबाबांची लाज वाटली. ते घरी मला रागावले नाहीत. एक शब्दही बोलले नाहीत. पुढे मी मोठा झालो, मास्तर झालो, पण गोष्ट तशीच राहिली. नव्हे, ती वाढली. आळीत ती पसरली, सोयऱ्याधायऱ्यांत गेली. मोठेबाबा १९८१ साली गेले, तेव्हा भेटायला आलेले लोक तीच गोष्ट मला सांगून माझे सांत्वन करत होते. आणि खरे सांगतो, तोपर्यंत मीही ती बरीचशी खरी मानू लागलो होतो. वर्गात मुलांना मी नेहमी सांगायचो, की सिद्धता दिल्याशिवाय कुठलेही विधान मानू नका. घरातले विधान मात्र मी सिद्धतेशिवाय पन्नास-साठ वर्षे चालवले.

गेल्या वर्षी माझा भाचा दिवाळीला आला. तो इंजिनिअर आहे आणि बरीच वर्षे जर्मनीत असतो. जेवणे झाल्यावर मी मोठ्या दिमाखाने ट्रंक उघडली. भाच्याने सुरा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "मामा, ह्याच्यावर कोणाची तरी नावाची अक्षरे आहेत."

मुठीच्या कड्यावर खिळ्याने ओरखडल्यासारखी दोन रोमन अक्षरे होती : ए आणि आर. इतकी वर्षे आम्ही त्यांना नक्षी समजत होतो.

भाच्याच्या डोक्यात लगेच वेगळेच चक्र सुरू झाले. हा सुरा जर्मनीला नेऊन ज्याचा असेल त्याच्या घरच्यांना परत द्यावा, असे त्याचे म्हणणे. मला ते रुचले नाही. लढाईत जिंकलेली वस्तू परत का करायची? मी कायद्याचा आधार घेतला. १९७२ सालच्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांपूर्वीची असेल, तर ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. भाचा म्हणाला, "पण हा दुसऱ्या महायुद्धातला आहे ना? मग शंभर वर्षे कुठे झाली?" म्हणजे मुद्दा असा आला, की सुऱ्याचे वय ठरवायचे. चार दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

पात्याच्या बुडाशी छाप होता, पण धार लावून लावून अर्धा झिजलेला. खाली 'सोलिंगेन' हे गावाचे नाव स्पष्ट होते, त्याच्यावरचे चित्र मात्र पुसट. सूनबाई म्हणाली, झाड असावे. सौभाग्यवती म्हणाल्या, तुळशीवृंदावन. शेजारचे अण्णा भिंग लावून बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "मारुती आहे!" आणि त्याच्यावर त्यांनी एक सिद्धान्तच मांडला. आमच्या अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याचे पथक १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले होते आणि तिथे त्यांनी कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिके केली होती. तेव्हा कोणा जर्मनाने खुश होऊन मंडळाच्या कोणाला मारुतीचा छाप असलेला सुरा दिला असणार! सुरा मोठेबाबांच्या ट्रंकेत कसा आला, हा प्रश्न अण्णांना क्षुल्लक वाटला.

भाच्याने मात्र पद्धतशीर काम केले. त्याने जे सांगितले ते वाचकांनाही उपयोगी पडेल, कारण जुन्या घरांच्या माळ्यावर असले चाकू-सुरे पुष्कळ आहेत.

सोलिंगेन हे पश्चिम जर्मनीतले, वुपर नदीकाठचे गाव. तिथे मध्ययुगापासून तलवारी आणि सुऱ्या घडतात. तिथल्या कारखान्यांच्या खुणा म्हणजे एक चित्रमय पंचतंत्रच आहे. कोणाची खूण जुळी माणसे, कोणाची झाड, कोणाची खार. जुळ्यांची खूण तर १७३१ सालापासूनची. गावाच्या नावाची नक्कल इतकी होऊ लागली, की १९३८ साली जर्मनीत कायदा करून ते नाव फक्त तिथे तयार झालेल्या मालासाठी राखून ठेवावे लागले. तेव्हा 'सोलिंगेन' हे नाव दिसले, म्हणून वय कळत नाही. वय सांगतात त्या आजूबाजूच्या खुणा.

पहिली खूण म्हणजे जे लिहिलेले नाही ते. इंग्रजांनी १८८७ साली कायदा केला, की परदेशी माल इंग्रजी माल म्हणून खपवता कामा नये. तेव्हापासून 'मेड इन जर्मनी' हे इंग्रजी शब्द बाहेर पाठवायच्या मालावर येऊ लागले. आपल्याकडे मुंबईच्या दुकानांतून जे जर्मन वस्तरे आणि चाकू येत, त्यांच्यावर 'जर्मनी' असे. १९४९ नंतर देशाचे दोन तुकडे झाल्यावर 'वेस्ट जर्मनी' आले. आमच्या सुऱ्यावर ह्यांतले काहीच नव्हते. जर्मन माणूस स्वतःच्या देशाला 'जर्मनी' म्हणत नाही. म्हणजे हा माल त्यांनी घरच्या गिऱ्हाइकासाठी केलेला. तो दुकानातून हिंदुस्थानात आलेला नाही, जर्मन माणसाच्या अंगावरूनच आलेला आहे.

हे ऐकून मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिले. अण्णा जरा नाराज झाले.

दुसरी खूण पोलादाची. 'रोस्टफ्राय', म्हणजे न गंजणारे, हा शब्द पात्यावर नव्हता आणि पाते काळसर पडलेले होते. न गंजणाऱ्या पोलादाच्या सुऱ्या पहिल्या महायुद्धानंतर सर्रास झाल्या. आमचे पाते जुन्या जातीचे. ह्याची खात्री करायला मी बडनेरा रोडवर बसणाऱ्या शिकलगाराकडे गेलो. सुरा दगडाला लावू दिला नाही, नुसता दाखवला. त्याने नखाने धार पाहिली, पाते कानाशी धरून टिचकी मारली आणि म्हणाला, "पानी झकास देल्लं हाय मास्तर. पन हा मारामारीचा सुरा नाई. पाहा नं, मधातून झिजला. टोकाले काईच नाई. आपल्या घरची विळी झिजते तसा झिजला हा. ह्यानं भाकर कापली असन कोनं, वर्सानुवर्सं."

तिसरी खूण घडणीची. भाच्याने सांगितले, की ह्या घाटाच्या सुऱ्याला जर्मन लोक 'निकर' म्हणतात. हा शिकाऱ्याचा सुरा. हरीण जखमी होऊन पडले, की त्याचे हाल होऊ नयेत म्हणून मानेच्या मागे एक घाव घालायचा, त्यावरून हे नाव. बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात डोंगरी माणसे चामड्याच्या चोळण्याच्या कडेला असलेल्या अरुंद खिशात तो ठेवतात आणि रोज त्याने पाव आणि मांस कापतात. मूठ खऱ्या शिंगाची. बाहेरून खरखरीत आणि टोकाला आत सच्छिद्र, खोट्या मुठीत हे साधत नाही. सुऱ्यांच्या मुठींसाठी त्या काळी आपल्याकडची सांबराची शिंगे शेफील्ड-सोलिंगेनला जहाजे भरून जात. तेव्हा आमच्या मेळघाटातलेच शिंग जर्मनीचा फेरा करून राजापेठला परत आले असेल, असे मी म्हणताच सगळे हसले.

"मग हा शिपायाचा नाहीच का?" सूनबाईने विचारले.

"शिपायाचाच. पण सरकारी नाही," भाचा म्हणाला. पलटणीने दिलेल्या हत्यारावर बहुधा तपासनिसाचा छाप असे. दुसऱ्या महायुद्धात गरुड आणि आकडा. तो इथे नव्हता. जर्मन शिपाई घरचे शिकारी सुरे बरोबर नेत. १९१४ साली खंदकांची लढाई सुरू झाली, तेव्हा त्यांच्या पलटणीजवळ खंदकात वापरायचा सुरा नव्हताच. कारखान्यांनी तो पुढे पुरवला, तोवर लोकांनी घरचेच नेले. आणि आमच्या म्यानाच्या मागे एक पोलादी पट्टी होती, बुटात अडकवायची. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सुऱ्यांच्या म्यानांना अशी पट्टी असते. पण आमच्या म्यानाचे चामडे जुने, शिवण जुनी आणि पट्टीच तेवढी नवी. तिचे रिव्हेट चामड्यावरच्या नक्षीतून आरपार मारलेले.

"म्हणजे सुरा आधीचा," भाचा हळूहळू म्हणाला, "आणि तो लढाईवर न्यायचा ठरला, तेव्हा त्याला पट्टी मारली. मामा, पाते इतके झिजायला एका माणसाचे आयुष्य लागले असेल. बुटात घालून जो इटलीत आला, त्याच्या आधी दुसऱ्या कोणाचा तरी हा सुरा होता. शंभर वर्षे नक्कीच झाली असतील."

कायद्याच्या बाजूने मी जिंकलो. पण भाच्याला आता पलटणीचे पुस्तक पाहायचे होते. ते मी इतक्या वर्षांत कधी उघडले नव्हते. कारण मला ते उघडायचे नव्हते, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

पुस्तकात लिहिले होते : इंडियन आर्मी मेडिकल कोअर. नर्सिंग ऑर्डर्ली. फील्ड अँब्युलन्स. हे वैद्यकीय दळ १९४३ सालच्या एप्रिलमध्ये तयार झाले, मोठेबाबा त्याच वर्षी त्यात गेले होते. पुढे इटलीतल्या नद्यांची आणि डोंगरांची नावे. इटलीत साडेपाच हजारांहून अधिक हिंदी सैनिक मेले. किती जखमी मोठेबाबांच्या हातांखालून गेले, ते पुस्तकात नाही. त्यांच्या हातात बंदूक होती असे मात्र कुठेच नव्हते. गोळ्या संपण्याचा प्रश्नच नव्हता.

खोलीत कोणी बोलेना. मग सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि पाटावर बसल्या.

"मला ठाऊक होते," त्या म्हणाल्या. "मोठ्या आईंनी सांगितले होते. अनारसे करताना, त्या वारल्या त्याच्या आदल्या दिवाळीला."

"आणि मला कधी सांगितले नाहीस?"

"तुम्ही कधी विचारले नाहीत. आणि त्यांनीच सांगितले होते, 'बाबूले सांगू नको. त्यानं लहानपनी शाळेत सांगून देल्लं हाय. त्याचा हिरमोड होईन.' मोठेबाबांनीच त्यांना तसे बजावले होते म्हणे."

मग त्यांनी मोठ्या आईच्याच शब्दांत ते सांगितले. मीही ते तसेच देतो.

"थंडी, चिखल, अन् रातभर जखमी येत होते म्हने. त्यात आपलेही, इंग्रजही, अन् धरलेले जर्मनही. एक पोरगं आलं. अठरा-एकोनीस वर्साचं. पाय गुडघ्याखाली गेल्ता. बूट कापून काहाडला, तर त्यात हा सुरा निंगाला. कैद्याजवळचं हत्यार काहाडून घ्याव, असा हुकूम होता. ह्यांनी घेतला अन् आपल्या झोळीत टाकला. तं थे पोरगं झोळीकडे हात करे अन् 'फाटर, फाटर' म्हने. ह्यांनी पानी देल्लं. पेलं, अन् पुन्हा 'फाटर'. पुन्हा देल्लं. ह्यांले वाटलं, वॉटर म्हन्ते, ताप हाय, तहान लागली असन. सकाळी सुरा जमा करू, असं ठरवलं. सकाळी पाह्यलं तं त्याले मोटारीतून मागच्या दवाखान्यात नेलं होतं. अन् ह्यांची अँब्युलन्स त्याच दिवशी फुडं निंगाली. सुरा झोळीतच राह्यला. म्हने, 'मी चोरला नाई, पन माह्याजवळ राहून गेला. दुसऱ्याचा हाय, म्हून वापरत नाई.'"

मी भाच्याकडे पाहिले. त्याने सुरा खाली ठेवला होता.

"मामा," तो म्हणाला, "जर्मन भाषेत पाण्याला 'वासर' म्हणतात. 'फाटर' म्हणजे बाप."

आम्ही सगळे त्या कड्यावरच्या दोन अक्षरांकडे पाहत राहिलो. तो पोरगा बापाचा सुरा परत मागत होता, की नुसतीच बापाला हाक मारत होता, हे त्या सुऱ्यावर कोरलेले नाही आणि कोणत्याही भिंगातून ते दिसणार नाही. मोठेबाबांना त्या शब्दाचा अर्थ शेवटपर्यंत कळला नाही. पण आपण काहीतरी चुकीचे समजलो, एवढे त्यांना कळले होते. मला शाळेतले ते भाषण आठवले. जखमी माणूस काय मागतो, हे नीट ऐकावं. आपल्याले समजलं असं समजू नये. पाचवीच्या वर्गात, काळ्या कोटात उभे राहून, त्यांनी लढाईची खरी गोष्ट सांगितली होती. ऐकले कोणीच नाही. माझ्या खोटेपणाचा बोभाटा न करता ते खाली बसले, आणि मी त्यांची लाज धरली.

सुरा कायद्याने इथेच राहणार. भाच्याने छायाचित्रे काढून नेली आहेत. 'ए. आर.' ही दोन अक्षरे घेऊन अख्ख्या देशात कोणाला शोधायचे, हे त्यालाही कळते. पण त्याने ती नेली, हे मला बरे वाटले.

माझ्याकडून जे होण्यासारखे होते ते मी केले. दिवाळीची सुटी संपल्यावर मी माझ्या जुन्या शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकबाईंकडे पाचवीच्या वर्गावर एक तास मागितला. मी निवृत्त मास्तर, त्यांना वाटले गणित शिकवणार असेन. मी मुलांना सांगितले, की मी तुमच्याएवढा असताना ह्याच शाळेत उभा राहून एक खोटी गोष्ट सांगितली होती, ती आज दुरुस्त करायला आलो आहे. मग सगळे पहिल्यापासून सांगितले.

मुले चुळबुळत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आजोबा, त्यांनी एकाही जर्मनाला मारलं नाही?"

"एकालाही नाही."

त्याचा चेहरा पडला. मला तो चेहरा ओळखीचा वाटला, साठ वर्षांपूर्वीचा. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला.

"मग त्या दादाचा पाय बरा झाला का?"

चाळीस वर्षे मी फळ्यासमोर उभा राहिलो. मुलांच्या प्रश्नाला 'उत्तर मला माहीत नाही' असे मी त्या दिवशी प्रथमच म्हणालो.

यंदाच्या खंडेनवमीला मोठेबाबांच्या पद्धतीने पाते तेलाने पुसले, सुरा कडेला वेगळा ठेवला आणि त्याच्यावर फक्त एक फूल वाहिले. शेजारी पाण्याचा एक पेलाही ठेवला. सूनबाईने विचारले, "बाबा, हा कशाला?" मी म्हटले, "राहू दे."